अभ्यागत, रहिवासी आणि नागरिक : अमेरिकेतील राज्य-ओळखपत्राच्या निमित्ताने एक अर्थविचार

प्रास्ताविक

अमेरिकेत काही काळापुरत्या गेलेल्या परदेशी माणसास तेथील राज्याचे ओळखपत्र मिळू शकते काय, हा प्रश्न वरवर पाहता कचेरीच्या खिडकीपाशी सुटावा असा आहे. भाषाशास्त्र विभागाच्या संशोधन-पत्रिकेत त्यास जागा का द्यावी, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधू लागताच असे दिसून येते की, ते 'राज्य', 'अभ्यागत', 'निवास' आणि 'नागरिक' या चार शब्दांच्या अर्थनिश्चितीवर सर्वस्वी अवलंबून आहे. हे शब्द कायद्याच्या इंग्रजीत एका रीतीने वापरले जातात, अमेरिकेच्या व्यवहारात दुसऱ्या रीतीने, आणि मराठी माणूस ते मनातल्या मनात मराठीत उतरवितो तेव्हा त्यांस तिसराच अर्थ चिकटतो. या तीन अर्थांच्या घोटाळ्यात एखाद्याचे ओळखपत्र अडते, इतकेच झाले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण त्यातील एका शब्दाच्या चुकीच्या उच्चाराने माणूस त्या देशात प्रवेश करण्याचा हक्कच गमावून बसू शकतो. आपल्या विभागातून दरवर्षी विद्यार्थी आणि अध्यापक तिकडे जातात, त्यांच्यामागून त्यांचे आईवडीलही जातात. तेव्हा या शब्दांचा विचार एकदा नीट व्हावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

१. दोन अर्ज

प्रथम एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक अभ्यागत संशोधक म्हणून अमेरिकेतील एका विद्यापीठात वर्षभर राहत होता. त्याचा व्हिसा 'जे-१' या वर्गाचा होता. त्या वर्षी त्याच्या मातोश्री 'बी-२' या पर्यटक वर्गाच्या व्हिसावर चार महिन्यांकरिता तेथे आल्या. बाहेर पडताना पासपोर्ट पिशवीत घेऊन हिंडणे त्यांना जोखमीचे वाटे. लहानसे कार्ड मिळाले तर बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. लेखकासही कार्ड हवेच होते. म्हणून दोघांनी एकाच दिवशी राज्याच्या मोटारवाहन विभागाच्या कचेरीत जाऊन अर्ज केले. अमेरिकेत वाहन न चालविणाऱ्या माणसाचे ओळखपत्रही सामान्यतः हाच विभाग देतो.

दोघांचा पत्ता एक होता, दोघांचे पासपोर्ट भारताचे होते, दोघांचाही देशातील प्रवेश कायदेशीर होता. लेखकास ओळखपत्र मिळाले. मातोश्रींस मिळाले नाही. खिडकीवरील बाईंनी त्यांना विचारले, "तुम्ही येथे राहता का?" लेखकाने प्रश्न मराठीत सांगितला. मातोश्रींनी उत्तर दिले, "मी मुलाकडे आले आहे." हे उत्तर इंग्रजीत सांगताच अर्ज परत आला. त्या बाईंचे काही चुकले असे म्हणता येत नाही. 'राहणे' आणि 'येणे' या दोन क्रियापदांत मराठी जो भेद करते, तोच भेद त्या राज्याच्या नियमाने केला होता.

२. 'राज्य'

भारतीय वाचकास 'राज्याचे ओळखपत्र' म्हटले की सरकारी ओळखपत्र असा बोध होतो. मराठीतील 'राज्य' या शब्दात सार्वभौम सत्ता आणि संघातील एक घटक हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. येथे दुसराच अर्थ अभिप्रेत आहे. अमेरिकेत सर्व नागरिकांस सक्तीने वा सरसकट दिले जाणारे मध्यवर्ती सरकारचे ओळखपत्र नाही. १९३५ च्या कायद्यान्वये सुरू झालेला सामाजिक सुरक्षा क्रमांक हा हिशेबाचा क्रमांक आहे. त्याच्या कार्डावर छायाचित्रही नसते. दैनंदिन व्यवहारात ओळख पटवावयाची ती वाहन चालविण्याच्या परवान्याने. हा परवाना घटकराज्ये देतात. मॅसॅच्युसेट्स आणि मिसुरी या राज्यांनी १९०३ मध्ये तो प्रथम सुरू केला. पुढे वाहन न चालविणाऱ्यांकरिता त्याच आकाराचे ओळखपत्र निघाले. रस्त्यावर गाडी हाकण्याच्या अनुज्ञेपासून निघालेला कागद अशा रीतीने 'मी कोण' याचे प्रमाण होऊन बसला.

याचा अर्थ असा की, मूळ प्रश्नाला एकच उत्तर संभवत नाही. पन्नास राज्ये आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा यांचे नियम आपापले आहेत. मात्र ११ मे २००५ रोजी संमत झालेल्या 'रिअल आयडी' कायद्याने या सर्वांना एक किमान चौकट घालून दिली. विमानात चढताना किंवा मध्यवर्ती सरकारच्या इमारतीत शिरताना जे राज्य-ओळखपत्र चालावे असे वाटते, ते या चौकटीत बसले पाहिजे. या कायद्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी अनेकदा पुढे ढकलली गेली आणि अखेर ७ मे २०२५ रोजी विमानतळांवर सुरू झाली. चौकटीबाहेरची ओळखपत्रे देण्यास राज्ये मोकळी आहेत. फक्त ती या कामांस पुरत नाहीत.

या कायद्याने परदेशी माणसास वगळले आहे काय? नाही. अर्जदाराचा 'कायदेशीर दर्जा' सिद्ध झाला पाहिजे, एवढेच तो म्हणतो; आणि ज्या दर्जांची यादी त्यात दिली आहे तिच्यात स्थायिक होण्याच्या हेतूवाचून आलेल्यांचा वैध दर्जाही आहे. विद्यार्थी, संशोधक, नोकरदार हे जसे त्यात येतात तसा पर्यटकही येतो. अशा माणसास मिळणारे कार्ड मुदतीचे असते. त्याच्या अधिकृत वास्तव्याचा काळ संपला की कार्डाचा काळ संपतो, आणि वास्तव्याला निश्चित शेवट नसेल तर कार्ड एका वर्षापेक्षा जास्त चालत नाही. ते मुदतीचे आहे हे कार्डाच्या दर्शनी भागावर स्पष्ट नोंदवावे लागते. अर्जदाराचा दर्जा खरा आहे की नाही, हे राज्यास मध्यवर्ती सरकारच्या 'सेव्ह' नावाच्या पडताळणी-यंत्रणेतून पाहावे लागते.

तेव्हा मातोश्रींचा अर्ज मध्यवर्ती कायद्याने अडविला नव्हता. तो अडला राज्याच्या पातळीवर, 'निवास' या शब्दाशी. पण तेथे जाण्यापूर्वी आणखी एका शब्दाचा विचार केला पाहिजे.

३. 'अभ्यागत'

संस्कृतातील 'अतिथि' या शब्दाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती अशी सांगतात की, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. ही व्युत्पत्ती शास्त्रशुद्ध नाही, तथापि तिच्यात एक सामाजिक कल्पना व्यक्त झाली आहे. अमेरिकन कायद्याचा अभ्यागत हा बरोबर याच्या उलट आहे : तिथी हेच त्याचे लक्षण. देशात प्रवेश करताना 'आय-९४' नावाची जी नोंद होते, तिच्यात त्याने कधीपर्यंत राहावयाचे ते लिहिलेले असते. पर्यटकास सामान्यतः सहा महिन्यांची तारीख मिळते. विद्यार्थी आणि संशोधक यांच्या नोंदीत तारखेच्या जागी 'दर्जा टिकेल तोपर्यंत' अशा अर्थाची दोन अक्षरे घालण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. त्यांनाही निश्चित तारीख द्यावी असा प्रस्ताव मध्यवर्ती सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला.

परंतु 'अभ्यागत' या अर्थाचा इंग्रजी शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. परदेशीयांविषयीच्या मध्यवर्ती कायद्यात तो संकुचित आहे : कामकाजासाठी किंवा विरंगुळ्यासाठी थोडे दिवस आलेला, म्हणजे 'बी' वर्गाचा माणूस. मोटारवाहन विभागांच्या परिभाषेत मात्र 'तात्पुरता अभ्यागत' या शब्दात मुदतीवर राहणारे सारेच परदेशी समाविष्ट केले गेले. चार वर्षे शिकणारा विद्यार्थी त्यात येतो, सहा वर्षे नोकरी करणारा अभियंताही येतो. एका अर्थाने 'अभ्यागतांना ओळखपत्र मिळते' हे विधान खरे, आणि दुसऱ्या अर्थाने 'अभ्यागतांना ते सहसा मिळत नाही' हेही खरे. दोन माणसे या विषयावर वाद घालीत असली तर पुष्कळदा ती एकाच शब्दाच्या दोन अर्थांविषयी बोलत असतात.

४. 'निवास'

आता मुख्य शब्दाकडे वळू. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात (४.३.८९ व ४.३.९०) माणसाचा स्थळाशी असलेला संबंध दाखविणारे प्रत्यय सांगताना 'निवास' आणि 'अभिजन' यांत भेद केला आहे. माणूस स्वतः सध्या जेथे राहतो तो निवास. त्याचे पूर्वज जेथे राहिले तो अभिजन, असे महाभाष्यकारांचे स्पष्टीकरण आहे. माणसास गावाच्या नावावरून विशेषण लावावयाचे, तर त्या विशेषणात यांपैकी कोणता संबंध अभिप्रेत आहे हे पाहावे लागते, ही जाणीव त्यामागे आहे.

मराठीने हा भेद प्रश्नांच्या रूपाने जतन केला आहे. "तुम्ही कुठले?" हा अभिजनाचा प्रश्न. त्याला "आम्ही मूळचे वाईचे" असे उत्तर येते. मग सांगणाऱ्याने वाई पाहिलीही नसेल. "तुम्ही कुठे राहता?" हा निवासाचा प्रश्न. आणि "कुठे उतरलात?" हा तिसरा प्रश्न केवळ पाहुण्यासच विचारावयाचा. 'राहणे' आणि 'उतरणे' यांच्या दरम्यान मराठी बोलणारा कधी घोटाळा करीत नाही. मात्र आपले लेखी शब्द इतके काटेकोर नाहीत. 'मुक्काम' हा अरबीतून आलेला शब्द प्रवासातील थांबण्याचा वाचक आहे. पण पत्रावर 'मु. पो.' लिहिताना तोच शब्द पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या गावासाठी वापरला जातो. 'अधिवास' हा संविधानाच्या मराठी पाठातील पारिभाषिक शब्द आहे. महाराष्ट्रात 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास' यांचा दाखला काढावयाची वेळ आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास तो ठाऊक असतो, पण बोलताना तो कोणी वापरीत नाही.

अमेरिकेतील त्या कचेरीत निवासस्थान विचारले गेले तेव्हा लेखकाच्या तोंडून प्रथम 'पुणे' हेच नाव निघाले. प्रश्न निवासाचा होता आणि उत्तर अभिजनाच्या अंगाने गेले. चूक लक्षात येताच त्याने ती दुरुस्त केली. पण ती चूक म्हणावी काय, हाही प्रश्न आहे. कारण अमेरिकन कायद्याचीच या शब्दाविषयी एकवाक्यता नाही.

१९५२ च्या परदेशीय-प्रवेश व नागरिकत्व कायद्यात 'निवास' या शब्दाची व्याख्या दिली आहे. माणसाचे मुख्य आणि प्रत्यक्ष राहण्याचे ठिकाण म्हणजे निवास, आणि ते ठरविताना त्याच्या हेतूचा विचार करावयाचा नाही, असे ती सांगते. ही व्याख्या पाणिनीय निवासाच्या अगदी जवळची आहे : वस्तुस्थिती पाहावी, मनात काय आहे ते पाहू नये. पण त्याच कायद्यात पर्यटक, विद्यार्थी आणि विनिमय-संशोधक या वर्गांचे लक्षण करताना, परदेशात ज्याचा निवास आहे आणि तो सोडण्याचा ज्याचा हेतू नाही असा माणूस, असे म्हटले आहे. म्हणजे लेखकाने 'जे-१' व्हिसा घेताना आपला निवास भारतात असल्याचे सिद्ध केले, आणि काही आठवड्यांनी राज्याच्या कचेरीत आपला निवास अमेरिकेत असल्याचे सिद्ध केले. दोन्ही विधाने प्रामाणिक होती. शब्द एक, प्रयोग दोन, असे हे प्रकरण आहे. ('एच-१बी' या नोकरीच्या वर्गावरील परदेशी निवासाची अट १९९० च्या कायद्याने काढून टाकली, हे येथे नोंदविले पाहिजे.)

या विसंगतीचा झगडा न्यायालयातही झाला, आणि तो एका विद्यापीठाच्या दारात सुरू झाला हे आपल्या वाचकांस विशेष वाटेल. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या सेवकांच्या मुलांना मेरिलँड विद्यापीठाने राज्यातील रहिवाशांची कमी फी नाकारली. 'जी-४' वर्गाचा परदेशी माणूस राज्यात अधिवासी होऊच शकत नाही, अशी विद्यापीठाची भूमिका होती. १९७८ मध्ये 'एल्किन्स विरुद्ध मोरेनो' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे दाखवून दिले की, मध्यवर्ती कायद्याने काही वर्गांवर परदेशी निवास न सोडण्याची अट घातली आहे, पण या वर्गावर घातलेली नाही. तेव्हा मध्यवर्ती कायदा त्यांच्या अधिवासाच्या आड येत नाही. राज्याचा कायदा काय म्हणतो हे त्याने मेरिलँडच्या न्यायालयास विचारले. अशी माणसे अधिवासी होऊ शकतात, असे त्या न्यायालयाने सांगितले. आणि १९८२ मध्ये 'टोल विरुद्ध मोरेनो' या निर्णयाने विद्यापीठाचे धोरण रद्द झाले. १९८३ मध्ये 'मार्टिनेझ विरुद्ध बायनम' या खटल्यात त्याच न्यायालयाने शाळाप्रवेशाच्या संदर्भात निवासाची घटना दोन अंगांनी सांगितली : प्रत्यक्ष उपस्थिती आणि तेथे राहण्याचा हेतू. जो हेतू १९५२ च्या व्याख्येने बाहेर ठेवला होता, तो येथे आत आला.

राज्यांचे नियम या दोन टोकांच्या दरम्यान कोठेतरी असतात. कॅलिफोर्नियाच्या वाहनविषयक संहितेत रहिवासी म्हणजे तात्पुरत्या किंवा जाता-येता वास्तव्यापेक्षा अधिक काळ राहण्याचा हेतू ज्याने दर्शविला आहे असा माणूस, अशी व्याख्या आहे. आणि कोणत्याही बारा महिन्यांत सहा महिने वा अधिक उपस्थिती असल्यास तो रहिवासी आहे असे गृहीत धरावे, मात्र हे गृहीत पुराव्याने खोडता येते, अशी पुस्ती तिला जोडली आहे. पर्यटकास मिळणारी सामान्य मुदतही सहा महिन्यांचीच. सीमारेषा नेमकी जेथे पडते तेथेच त्याची परत जाण्याची तारीख उभी असते. 'रिअल आयडी' कायद्याखालील २००८ च्या नियमांत 'मुख्य निवास' याचा अर्थ सध्या माणूस जेथे राहत आहे ते ठिकाण, मग तो पत्ता तात्पुरता का असेना, असा दिला आहे. परंतु राज्याच्या स्वतःच्या निवासविषयक अटी असतील तर त्या पाळल्या गेल्या पाहिजेत, असे म्हणून अखेरचा शब्द पुन्हा राज्याकडेच सोपविला आहे.

भारतीय कायद्याने हा गुंता निराळ्या रीतीने सोडविला. २०१६ च्या आधार कायद्यात रहिवासी म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत एकूण १८२ दिवस वा अधिक भारतात राहिलेली व्यक्ती. येथे हेतू नाही, केवळ दिवसांची मोजणी आहे. शिवाय आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे, असेही त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. वस्तुस्थिती, हेतू आणि गणना या तीन आधारांवर 'निवास' ठरविता येतो, असे या तुलनेवरून म्हणता येईल.

५. दोन लक्षणांचा कोठा

ध्वनिविचारात आपण व्यंजनांचे वर्गीकरण घोष-अघोष, महाप्राण-अल्पप्राण अशा परस्परनिरपेक्ष लक्षणांनी करतो. प्रस्तुत विषयातही 'दर्जा' आणि 'निवास' ही दोन लक्षणे परस्परनिरपेक्ष मानली की पुष्कळ धुके निवळते. त्यांच्या संयोगाने चार वर्ग होतात.

पहिल्या वर्गात दर्जा आहे आणि निवासही आहे : विद्यार्थी, संशोधक, नोकरदार आणि त्यांच्याबरोबर राहणारे कुटुंबीय. यांना मुदतीचे ओळखपत्र मिळते. कुटुंबीयांस पुष्कळदा काम करण्याची परवानगी नसते, म्हणून सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळत नाही. अशा वेळी तो मिळू शकत नाही हे दाखविणारे त्या खात्याचे पत्र मागितले जाते. क्रमांक नाही म्हणून ओळखपत्र नाही, असे मात्र होत नाही.

दुसऱ्या वर्गात दर्जा आहे, निवास नाही : हा पर्यटक. मातोश्री या वर्गातील होत. यांचा अर्ज राज्याच्या निवासाच्या अटीशी अडतो, आणि सर्वसाधारण उत्तर नकाराचे असते.

तिसऱ्या वर्गात निवास आहे, दर्जा नाही. काही राज्यांनी अशांसाठीही परवाने खुले केले आहेत : कॅलिफोर्नियात २०१३ चा कायदा २०१५ च्या आरंभापासून अमलात आला, न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तसा कायदा केला. ही कार्डे 'रिअल आयडी'च्या चौकटीबाहेरची असतात. शहरांची ओळखपत्रेही याच तत्त्वावर उभी आहेत. न्यू हेवन शहराने २००७ मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये ती सुरू केली, आणि दोन्ही ठिकाणी अट शहरातील राहण्याची आहे. चौथ्या वर्गात दोन्ही लक्षणे नाहीत. त्याचा विचार येथे कर्तव्य नाही.

या कोठ्यावरून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट समजते. रीतसर व्हिसा घेऊन आलेल्या पर्यटकास जे मिळत नाही, ते काही राज्यांत बिनकागदी राहणाऱ्यास मिळते. यात पक्षपात आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः राज्य 'हा आमच्यात राहतो काय' एवढेच विचारते. 'हा देशात कसा आला' हा प्रश्न मध्यवर्ती सरकारचा आहे. दोन प्रश्न दोन सत्तांचे आहेत.

पर्यटकाचे या नकाराने फारसे अडतही नाही. परदेशी पासपोर्ट विमानतळावर ओळखीचे प्रमाण म्हणून चालतो. उलट, अठरा वर्षांवरील प्रत्येक परदेशी माणसाने आपल्या नोंदणीचा कागद सदैव जवळ बाळगला पाहिजे, असा १९५२ च्या कायद्याचा दंडक आहे. पर्यटकाच्या बाबतीत 'आय-९४' ची प्रत हा तो कागद. राज्याचे कार्ड मिळाले असते तरी मातोश्रींची या बंधनातून सुटका झाली नसती.

६. नाव

ओळखपत्र मिळावयाचे ठरले की नावाचा प्रश्न उभा राहतो. नियमानुसार कार्डावरील नाव मूळ ओळख-कागदावरील नावाशी जुळले पाहिजे. परदेशी माणसाच्या बाबतीत हा कागद म्हणजे व्हिसासह पासपोर्ट. मराठी नाव तीन पदांचे : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आणि आडनाव. भारतीय पासपोर्टात रकाने दोनच आहेत. त्यामुळे मधले नाव पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसते. अमेरिकन कार्डावर ते माणसाचे स्वतःचेच दुसरे नाव ठरते. आपल्याकडे ते संबंध दाखविणारे पद आहे, तेथे ते केवळ नाव होते. विवाहानंतर हे पद बदललेल्या स्त्रीस, आधीच्या आणि नंतरच्या कागदांवरील दोन 'मधली नावे' एकाच व्यक्तीची कशी, हे विवाहाच्या दाखल्याने सिद्ध करावे लागते.

ज्यांच्या पासपोर्टात एकच पद आहे त्यांची अडचण याहून मोठी. अमेरिकन व्हिसावर ते पद आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही अक्षरे छापली जातात. 'पहिले नाव अज्ञात' हा त्यांचा अर्थ. राज्य-ओळखपत्राच्या नियमांत मात्र अशा वेळी पहिल्या नावाची जागा रिकामी ठेवावी, भरतीची अक्षरे घालू नयेत, असे सांगितले आहे. एका कागदावर अभावाची खूण आहे, दुसऱ्यावर अभाव. आपल्या शास्त्रातील लोपाची कल्पना ज्यांनी अभ्यासली आहे त्यांना या दोहोंतील अंतर सांगावयास नको. पडताळणीच्या यंत्राला मात्र ते कळत नाही, आणि 'एफएनयू' हेच आपले नाव असल्यासारखी हाक ऐकण्याचा प्रसंग माणसावर येतो.

लिप्यंतराने आणखी भर पडते. 'ज्ञ' चे रोमन लेखन मराठी माणूस एक करतो, हिंदी भाषक दुसरे. 'ळ' ला रोमन लिपीत स्वतंत्र चिन्ह नाही. 'चव्हाण' हे आडनाव एकाच कुटुंबातील भावांनी तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. येथे शुद्धाशुद्धतेचा आग्रह निरुपयोगी आहे. पासपोर्टात जे पडले ते सर्व कागदांवर अक्षरशः तसेच लिहावे, हाच एक नियम.

७. 'नागरिक'

ज्या शब्दाकरिता हा लेख मुख्यतः लिहिला तो आता घेतो. 'नागरिक' म्हणजे मूळ अर्थाने नगरात राहणारा. आधुनिक काळात राष्ट्राचा घटक हा राजकीय अर्थ त्यास दिला गेला, पण जुना अर्थ गेला नाही. 'पुण्याचे नागरिक', 'परिसरातील नागरिक' असे वृत्तपत्रे रोज लिहितात. तेथे रहिवासी एवढाच अर्थ असतो. 'ज्येष्ठ नागरिक' या समासात तर केवळ वय उरले आहे. एस. टी.च्या तिकिटापासून बँकेतील व्याजापर्यंत हा शब्द वृद्ध माणसाच्या कानी इतका पडतो की, 'सिटिझन' या इंग्रजी शब्दाबरोबर त्याला सवलत आठवते, राष्ट्रीयत्व आठवत नाही.

१९९३ च्या मतदार-नोंदणी कायद्यान्वये अमेरिकेतील मोटारवाहन विभागांना परवान्याच्या व ओळखपत्राच्या अर्जाबरोबरच मतदार म्हणून नाव नोंदविण्याची सोय द्यावी लागते. त्यामुळे अर्जदारास 'आपण अमेरिकेचे नागरिक आहात काय' हा प्रश्न येतो. आणि १९९६ च्या कायद्याने अशी तरतूद केली आहे की, कायद्याखालील कोणत्याही लाभासाठी जो परदेशी माणूस आपण अमेरिकेचा नागरिक असल्याचे खोटे सांगेल, तो त्या देशात प्रवेशास अपात्र होईल. या अपात्रतेला मुदत नाही आणि तिला दिलेले अपवाद अगदी मोजके आहेत. 'करणारी वाक्ये' ही कल्पना जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथील व्याख्यानांत विशद केली. ती व्याख्याने १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. चौकटीत केलेली एक खूण हेही असे करणारे वाक्य आहे. तिने काही सांगितले जाते त्याहून अधिक काही केले जाते.

मातोश्रींचा अर्ज परत करण्यापूर्वी त्या बाईंनी हा प्रश्न त्यांना तोंडी विचारला होता. त्यांनी हसतमुखाने, आणि त्या दिवशी प्रथमच दुभाष्याची वाट न पाहता, उत्तर दिले, "येस, सीनियर सिटिझन." लेखकाच्या अंगावर काटा आला. त्याने घाईघाईने खुलासा केला, भारतीय पासपोर्ट पुढे सरकविला. त्या बाईंनी तो पाहून मान डोलाविली आणि काहीही नोंदविले नाही. त्या भल्या बाईंच्या जागी एखादे यंत्र असते आणि मातोश्रींनी त्यावर बोट टेकविले असते, तर तो सद्भाव उपयोगी पडला नसता. पंचवीस वर्षे भाषा शिकविणाऱ्या आपल्या मुलाने घरातून निघताना एवढा एक शब्द समजावून सांगितला नाही, असे त्या मागाहून म्हणाल्या. आणि ते खरे होते.

समारोप

मूळ प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे सांगता येईल. अमेरिकेत ओळखपत्र घटकराज्ये देतात. मध्यवर्ती कायदा परदेशी माणसास, तो परदेशी आहे एवढ्यावरून, अपात्र ठरवीत नाही. जो वैध दर्जावर तेथे राहतो त्यास मुदतीचे ओळखपत्र मिळते. जो केवळ आलेला आहे त्यास राज्याच्या निवासाच्या अटीमुळे ते सहसा मिळत नाही, आणि त्याचा पासपोर्ट त्यास पुरतो. नेमका नियम ज्या त्या राज्याचा पाहावा.

विद्यार्थ्यांनी यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिकडे जाण्यापूर्वी 'राहणे', 'येणे' आणि 'असणे' यांतील आपल्याच भाषेने केलेला भेद मनाशी पक्का करावा. इंग्रजी प्रश्न त्या भेदावर पारखून मगच उत्तर द्यावे. दुसरे असे की, आईवडिलांना बरोबर नेताना त्यांच्या औषधांची यादी जशी आपण करून देतो, तशी 'सिटिझन' या एका शब्दाची समजूतही करून द्यावी. परिभाषेचे शिक्षण वर्गात पुरे होत नाही. ते घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत पोचविणे हेही आपल्या विषयाचेच काम आहे.